खातं बदललं, हिशोब कुठे गेला?

केळझरची माझी मावशी दुधाचा हिशोब आयफोनवर लिहिते. फोन मुलाचा जुना, पुण्याहून आलेला. दिवाळीत मुलगा घरी आला, त्याने त्यातलं स्वतःचं आयक्लाउड खातं काढून आईच्या नावाचं टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी हिशोबाच्या अ‍ॅपमध्ये एकही नोंद नाही. मावशी रडकुंडीला आलेली. “सारा हिशोब पुसला का रे बाबू?”

पुसला नव्हता. खातं काढलं की माहिती नष्ट होते, हा पहिला आणि सर्वांत त्रासदायक गैरसमज. आयक्लाउडवर चढलेली माहिती त्या खात्याच्या नावाने अ‍ॅपलच्या सर्व्हरवर राहते, फोनवरची प्रत तेवढी जाते. मुलाच्या खात्यात शिरलं की ती पुन्हा दिसणार. धोका असतो तो रेंज नसताना लिहिलेल्या आणि अजून वर न पोचलेल्या नोंदींना. म्हणून खातं काढण्याआधी फोन थोडा वेळ वायफायवर ठेवावा.

दुसरा गैरसमज असा की खातं कोणाचं आहे हे अ‍ॅपला कळतं, नाव आणि ईमेलसकट. आयओएस ६ पासून, म्हणजे २०१२ पासून, अ‍ॅपला आयक्लाउड खात्याची एक ओळखखूण मिळते. देवळाबाहेर चपला ठेवल्यावर मिळणाऱ्या बिल्ल्यासारखी. सिद्धिविनायकाचं दर्शन घेऊन आलात की बिल्ला जुळतो की नाही एवढंच पाहिलं जातं, चपला कोणाच्या हे बिल्ला सांगत नाही. अ‍ॅपसुद्धा कालची खूण आणि आजची खूण ताडून पाहतं, बस.

आता ज्या बाबतीत अ‍ॅप बनवणारेही चुकतात, ती गोष्ट. खातं बदललं की फोन अ‍ॅपला लगेच कळवतो, असं समजलं जातं. कळवतो, पण अ‍ॅप चालू असेल तर. मावशीच्या फोनमध्ये खातं बदललं तेव्हा हिशोबाचं अ‍ॅप बंद होतं, त्याला निरोप कोण देणार? म्हणून चांगलं अ‍ॅप शेवटची खूण जपून ठेवतं आणि दरवेळी उघडताना नव्या खुणेशी ताडतं. वेगळी निघाली, तर जुन्या खात्याची माहिती बाजूला करतं. हे केलं नाही तर एकाचा हिशोब दुसऱ्याच्या खात्यात मिसळतो, आणि तो निस्तरणं फार कठीण. मावशीला रिकामा स्क्रीन दिसला, कारण अ‍ॅपने आपलं काम चोख केलं होतं. फक्त “खातं बदललं आहे” अशी एक ओळ मराठीत दाखवली असती तर तिचे हातपाय गळाले नसते. ती ओळ लिहायला हवीच होती, असं माझं ठाम मत आहे.

रेंज गेली म्हणजे लॉगिन गेलं, हेही खरं नाही. फोन एअरप्लेन मोडवर टाकला तरी ती खूण जागेवर असते. उलट, सेटिंगमध्ये त्या एका अ‍ॅपचं आयक्लाउडचं बटण बंद केलं तर खातं असूनही खूण मिळेनाशी होऊ शकते. तेव्हा खूण नाही म्हणजे साइन आउट झालंच, असं धरून चालू नये.

अ‍ँड्रॉइडचं गणित निराळं. एका फोनवर दोन-तीन गूगल खाती सहज असतात, आणि २०१७च्या अ‍ँड्रॉइड ८ पासून तुम्ही निवडून दिल्याशिवाय साध्या अ‍ॅपला ती सहसा दिसत नाहीत.

मावशीला मी आधी एवढंच सांगितलं, की आजचं दूध वहीत लिही, अ‍ॅपला हात लावू नकोस. मग मुलाने पुण्यात आपल्या फोनवर तेच अ‍ॅप उघडलं. सगळ्या नोंदी तिथे होत्या. त्याने त्यांची फाइल काढून पाठवली, मावशीच्या खात्यात ती भरली, आणि वहीतलं दूध तिने स्वतः बसून चढवलं.