ओक्लाहोमा सिटीचा स्फोट : समज आणि वस्तुस्थिती

१९ एप्रिल १९९५ रोजी सकाळी नऊच्या सुमारास अमेरिकेतील ओक्लाहोमा सिटी येथे, केंद्र सरकारच्या मरा इमारतीसमोर, खत आणि इंधन यांच्या मिश्रणाने भरलेल्या भाड्याच्या ट्रकाचा स्फोट होऊन १६८ माणसे प्राणास मुकली, त्यांत १९ मुले होती. आणि हे कृत्य मध्यपूर्वेतून आलेल्या कोणा मुसलमानाचेच असणार, असा निर्वाळा अनेक तज्ज्ञ म्हणवणाऱ्यांनी त्याच दिवशी देऊन टाकला. वास्तविक दीड तासाच्या आतच खरा गुन्हेगार कैदेत पडला होता, तोही या गुन्ह्याबद्दल नव्हे, तर मोटारीला मागची नंबरप्लेट नाही आणि अंगावर पिस्तूल लपवलेले, एवढ्याच कारणाने! स्फोटात दूर फेकल्या गेलेल्या ट्रकाच्या आसावरील क्रमांकावरून माग काढीत तपास-अंमलदार कॅन्सस राज्यातील एका दुकानापर्यंत आणि तेथून नावापर्यंत पोचले, तेव्हा तो पेरी गावच्या तुरुंगातून सुटण्याच्या बेतात होता. टिमथी मॅकव्हे हा न्यूयॉर्क राज्यात वाढलेला गोरा तरुण, आखाती युद्धात पदक मिळवलेला सैनिक होता.

परका धर्म निर्दोष ठरल्यावर, तो स्वकीयांतल्याच एखाद्या पंथाचा माथेफिरू असावा, असा दुसरा समज पुढे आला. जन्माने कॅथलिक असलेला मॅकव्हे पुढे स्वतःस अज्ञेयवादी म्हणवीत असे. टेक्सासमधील वेको येथे डेव्हिडियन पंथाच्या वसाहतीला सरकारने घातलेला वेढा बरोबर दोन वर्षांपूर्वी, १९ एप्रिल १९९३ रोजी, सत्तरांहून अधिक बळी घेऊन आगीत संपला होता, आणि त्या वेढ्याच्या काळात तेथे जाऊन मोटारीच्या बॉनेटवर सरकारविरोधी चिकटपट्ट्या मांडून विकणाऱ्या या गृहस्थास त्या पंथाच्या श्रद्धेशी नव्हे, तर शस्त्र बाळगणाऱ्या नागरिकावर सरकारने चाल करावी या गोष्टीशी कर्तव्य होते. मौज अशी, की त्या पंथात कृष्णवर्णीय पुष्कळ होते. आणि मॅकव्हे शस्त्रांच्या बाजारात जी कादंबरी विकत फिरे, जिच्यातील काही पाने अटकेच्या वेळी त्याच्या मोटारीत सापडली, ती विल्यम पिअर्सची १९७८ ची ‘द टर्नर डायरीज’ गौरेतरांच्या समूळ संहाराचे स्वप्न रंगवणारी होती. सरकारद्वेष प्रबळ झाला म्हणजे वंशद्वेष्ट्यालाही कृष्णवर्णीय हुतात्मे चालतात, हे तर्कशास्त्रास मान्य नसले तरी अशा मनांस सहज पचते.

तो एकटा होता हेही अर्धसत्यच. टेरी निकोल्स या लष्करातील सोबत्याने स्फोटकांच्या तयारीत हात लावला होता, आणि बेत आधीपासून ठाऊक असलेला तिसरा सोबती पुढे सरकारी साक्षीदार झाला.

‘देशांतर्गत दहशतवाद’ या नावाचा आरोप ठेवून मॅकव्हेला फाशी दिली, असे समजणाऱ्यांनी आरोपपत्र पाहावे. सामूहिक संहाराचे शस्त्र वापरणे, कट करणे, आणि केंद्राच्या ८ अंमलदारांचा खून, असे ते आरोप होते. जून २००१ मध्ये त्याला देहदंड झाला तो विषारी इंजेक्शनाने. उरलेल्या १६० जिवांचा खटला ओक्लाहोमा राज्याच्या अखत्यारीतला, आणि तो २००४ साली चालला, निकोल्सवर.