न बसणारा स्क्रू

आंबेगाव तालुक्यातल्या एका शाळेला कोणीतरी जुना संगणक देणगी दिला. शाळेतला तो एकमेव संगणक. त्याचा मदरबोर्ड बिघडला तेव्हा दुसरा, आकाराने लहान बोर्ड मिळवून बसवण्यात आला. पण यंत्र सुरूच होईना. ‘हाही जळला’ असे ठरवून पेटी भंगारात निघाली होती. तेथील विज्ञानशिक्षक ओळखीचे, म्हणून मी पेटी उघडून पाहिली. बोर्ड शाबूत होता. दोष होता स्क्रूंचा.

मदरबोर्ड पेटीच्या पत्र्यावर थेट टेकवत नाहीत. त्याच्या मागच्या बाजूला डाखाचे शेकडो उघडे ठिपके असतात. ते पत्र्याला टेकले तर विजेला नको ती वाट मिळेल. म्हणून पत्र्यावर पितळेच्या लहान षटकोनी खुंट्या बसवतात आणि बोर्डाच्या भोकांतून स्क्रू घालून तो त्यांवर आवळतात. जिथे भोक तिथेच खुंटी, हा नियम. इथे जुन्या मोठ्या बोर्डाची एक खुंटी तशीच राहिली होती. तिच्यावर नव्या बोर्डाला भोक नव्हते, डाखाचे ठिपके होते. ते पितळेला टेकताच मंडल लघुपथित होई आणि वीजपुरवठ्याचा भाग स्वतःला बंद करून घेई. बोर्ड वाचला तो त्यामुळेच.

दुसरा दोष आट्यांचा. संगणकात दोन प्रकारचे स्क्रू सर्रास आढळतात. एक मेट्रिक ‘एम ३’ : व्यास ३ मिलिमीटर, दोन आट्यांतील अंतर ०.५ मिलिमीटर. दुसरा अमेरिकी ‘६-३२’ : व्यास सुमारे ३.५ मिलिमीटर, इंचाला ३२ आटे, म्हणजे अंतर सुमारे ०.८ मिलिमीटर. तीन फेऱ्यांत पहिला दीड मिलिमीटर आत जातो, दुसरा जवळजवळ २.४. बारीक स्क्रू मोठ्या भोकात घातला तर तो नुसता फिरतो, आवळत नाही. मोठा स्क्रू लहान भोकात दामटला तर पितळेचे मऊ आटे खरवडून निघतात, किंवा खुंटीच त्याच्याबरोबर फिरू लागते.

ही दोन मापे एकत्र कशी आली? १८४१ मध्ये इंग्लंडमध्ये व्हिटवर्थ यांनी आणि १८६४ मध्ये अमेरिकेत सेलर्स यांनी आट्यांची प्रमाणे सुचवली. दोन्ही इंचात, पण आट्यांचा कोन एकाचा ५५ अंश, दुसऱ्याचा ६०. मेट्रिक प्रमाण वेगळेच. व्यक्तिगत संगणक अमेरिकेत घडला, म्हणून इंची स्क्रू त्याच्याबरोबर आले. पुढे मेट्रिक भागही त्यात मिसळले. आपल्याकडे मेट्रिक मापांचा कायदा १९५६ चा, तरी गॅरेजात ‘चार सुती बोल्ट’ आणि ‘दहाचा पाना’ शेजारी नांदतातच!

ओळखायचे कसे? दोन स्क्रू आडवे, एकमेकांना चिकटवून उजेडाकडे धरा. आटे एकमेकांत नीट बसले तर अंतर सारखे. फटीतून उजेड दिसला तर वेगळे. किंवा मोजपट्टीवर ५ मिलिमीटरमध्ये किती आटे येतात ते भिंगातून मोजा : एम ३ चे दहा, ६-३२ चे सहा-साडेसहा. बोर्ड ठेवण्याआधी प्रत्येक खुंटीत स्क्रू बोटांनी फिरवून पाहावा. बोटांनी दोन-तीन फेरे सहज गेला तरच तो त्या खुंटीचा. खुंटी फिरत असेल तर ती पकडीने धरावी; आटे गेले असतील तर बदलावी. जोर हा उपाय नव्हे.

या स्क्रूंना आणखी एक काम असते. भोकाभोवतीच्या धातूच्या कड्यातून ते बोर्डाचे भूयोजन पेटीशी जोडतात. जोड सैल असेल तर संगणकातून बाहेर पडणारा रेडिओ गोंगाट वाढू शकतो. शेजारच्या जुन्नर तालुक्यात, खोडदला, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची जीएमआरटी दुर्बीण आहे. हायड्रोजनची १४२० मेगाहर्ट्झची क्षीण लहर टिपणाऱ्या अशा दुर्बिणीला जवळपासची विजेची उपकरणे म्हणजे गोंगाटच.

शाळेतल्या पेटीत आम्ही नको ती खुंटी काढली, दोन बदलल्या आणि स्क्रू वेगवेगळ्या डब्यांत वेचून ठेवले. वेचण्याचे काम आठवीच्या मुलींनी केले, उजेडाकडे धरून. बटण दाबले, पंखा फिरला. भंगारवाला रिकाम्या हाताने परतला.