कानउघाडणी

मराठी भाषेचे कानावर विशेष प्रेम आहे. आपण कान देतो, कान टवकारतो, कान टोचतो, कानाडोळा करतो आणि वेळ आली की कानांवर हातही ठेवतो. हलक्या कानाच्या माणसापासून जपून राहावे, हे तर आपल्याला लहानपणापासून शिकवलेले असते. पण या कानात साठणाऱ्या मळाबद्दल मात्र चारचौघांत बोलायची सोय नाही. कान कोरणे हे काम आपण पाठ फिरवून किंवा दुपारी आरामखुर्चीत डोळे मिटून उरकतो. त्यासाठी हाताला लागेल ते हत्यार चालते. काडेपेटीतली काडी, केसांतली पिन, स्कूटरची किल्ली, पेनाचे टोपण! कान-नाक-घशाचा डॉक्टर या नात्याने या प्रत्येक हत्याराची कामगिरी मी आतून पाहिलेली आहे. म्हणून रविवारच्या निवांत वेळी ही थोडी कानउघाडणी.

हा मळ नव्हे

सुरुवात नावापासूनच करायला हवी. ज्याला आपण मळ म्हणतो तो बाहेरून आलेली घाण नसून शरीराने मुद्दाम तयार केलेला पदार्थ आहे. मोठ्या माणसाच्या कानाची नळी साधारण अडीच सेंटीमीटर लांब असते. तिच्या बाहेरच्या तिसऱ्या हिश्श्यात बारीक केस असतात आणि मेणासारखा स्राव करणाऱ्या ग्रंथी असतात. हा स्राव आणि झडलेली त्वचा मिळून जे होते ते कानातले मेण. ते धूळ अडवते, नळीची नाजूक त्वचा कोरडी पडू देत नाही आणि आम्लधर्मी असल्याने जंतूंना व बुरशीला थारा देत नाही.

खरी गंमत पुढे आहे. नळीची त्वचा एका जागी बसून राहत नाही. पडद्यापासून ती हळूहळू, साधारण नखे वाढतात त्या गतीने, बाहेरच्या दिशेने सरकत असते. तिच्याबरोबर मेणही बाहेर येते. आपण बोलतो, जेवतो, जांभई देतो तेव्हा जबड्याची हालचाल त्याला मदत करते. म्हणजे कान हा स्वतःचा केर स्वतः काढणारा अवयव आहे. बहुतेकांना आयुष्यभर त्याला हात लावावा लागत नाही.

सगळ्यांचे मेण एकसारखेही नसते. कुणाचे ओलसर, मधाच्या रंगाचे, तर कुणाचे कोरडे, कोंड्यासारखे. एका विशिष्ट जनुकातल्या एवढ्याशा फरकाने हे ठरते, हे जपानी संशोधकांनी २००६ साली दाखवून दिले. चीन, जपान, कोरियात कोरडे मेण सर्रास आढळते, तर आफ्रिकेत व युरोपात ओलसर. आणि माणसाचेच कशाला? देवमाशाच्या कानात मेणाचे थर जन्मापासून साठत जातात. एका निळ्या देवमाशाच्या कानातली सुमारे २५ सेंटीमीटर लांबीची मेणाची गुठळी तपासून शास्त्रज्ञांनी २०१३ साली त्याच्या आयुष्यभराच्या ताणतणावाची आणि अंगात भिनलेल्या प्रदूषणाची नोंद वाचली!

काडीचा पराक्रम

मग बिघडते कुठे? बहुतेक वेळा आपल्याच हातांनी. पूर्वी घरोघरी किल्ल्यांच्या जुडग्याला कानकोरणे, दातकोरणे आणि चिमटा असा त्रिकूट लटकलेला असे. पुढे कापसाची काडी आली. लिओ गेर्स्टेनझँग या अमेरिकन गृहस्थाने १९२३ साली ती तान्ह्या बाळांसाठी बाजारात आणली. आज तिच्या पाकिटावर ‘कानाच्या नळीत घालू नका’ असा इशारा छापलेला असतो आणि आपण नेमके तेच करतो. प्लॅस्टिकच्या दांडीच्या काड्यांवर आपल्याकडे १ जुलै २०२२ पासून बंदी आली. पण ती पर्यावरणासाठी, कानांसाठी नव्हे. दांडी कागदाची झाली, सवय तीच राहिली.

काडीच्या टोकाला थोडे मेण लागते आणि आपल्याला कृतकृत्य वाटते. प्रत्यक्षात त्याच्या कितीतरी पट मेण काडीने आत ढकललेले असते. तोफेत दारू ठासावी तसे! आतल्या दोन-तृतीयांश भागात ग्रंथी नाहीत, खाली हाड आहे आणि त्वचा अगदी पातळ आहे. तिथे गेलेले मेण सहज परत फिरत नाही. त्यातून कुणाचा धक्का लागला, मूल अंगावर येऊन पडले, की पडद्याला भोक. मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढ्या जाडीचा तो पडदा. त्याने किती सोसावे?

तरीही माणूस कान कोरतो, कारण त्यात सुख आहे. त्यालाही शास्त्रीय कारण आहे. मेंदूपासून घसा, हृदय, पोटापर्यंत जाणाऱ्या एका मोठ्या मज्जातंतूची फांदी कानाच्या नळीत येते. म्हणूनच कान कोरताना काहींना खोकला येतो, काहींचे डोळे आपोआप मिटतात. दिल्लीतले लाल पगडीचे कान साफ करणारे या सुखावरच पोट भरत आले. त्यांच्या हाताच्या हलकेपणाबद्दल मला आदर आहे. पण एका कानातली सळई न उकळता दुसऱ्या कानात जाते, हे विसरता येत नाही.

दडे बसतात तेव्हा

मेण साठले तरी बराच काळ काही कळत नाही. नळीत केसाएवढी फट असली तरी ऐकू येते. मग एक दिवस डोक्यावरून अंघोळ होते किंवा माणूस पोहून येतो. मेण पाणी पिऊन फुगते, फट बुजते आणि कानाला दडे बसतात. स्वतःचाच आवाज आत घुमतो, कान गुणगुणतो, कधी दुखतो.

म्हातारपणी हे हळूहळू होते, आणि तिथेच खरा घोटाळा आहे. वयाबरोबर मेण कोरडे होते, नळीतले केस राठ होतात, आणि श्रवणयंत्र वापरणाऱ्यांच्या कानात ते यंत्रच वाटेत बूच होऊन बसते. अशाच एका आजोबांना त्यांचा मुलगा माझ्याकडे घेऊन आला होता. वय पंच्याऐंशी. वर्षभरात त्यांनी बोलणे जवळजवळ सोडले होते. हाक मारली तर ओ नाही, विचारले एक तर उत्तर भलतेच. घरात हळूहळू ठरून गेले की आजोबांची आता भ्रमिष्टाकडे वाटचाल आहे. नातवंडेही मग त्यांच्याशी बोलेनाशी झाली.

दोन्ही कान काठोकाठ भरलेले होते. पाच दिवस थेंब घालून मेण मऊ केले आणि मग काढले. दुसरा कान मोकळा झाल्यावर आजोबांनी दचकून वर पाहिले आणि विचारले, “हा पंखा इतका वेळ चालूच होता का?” मुलगा काही बोलला नाही. खिडकीकडे तोंड करून बराच वेळ उभा राहिला.

सगळ्यांच्या बाबतीत असे होत नाही, हेही सांगितले पाहिजे. त्या आजोबांनाही वयाचा थोडा बहिरेपणा होताच आणि पुढे यंत्र लागले. पण वृद्ध माणूस गप्प झाला, तर ‘वय झाले’ असे म्हणण्यापूर्वी त्याच्या कानात एकदा कुणी बॅटरी मारून पाहावे. तेवढा त्याचा हक्क आहे. वर्गात ‘लक्ष नसणाऱ्या’ मुलाचाही.

मग करावे काय?

त्रास नसेल तर काही करू नये. बाहेरून दिसणारे मेण अंघोळीनंतर पंचाच्या टोकाने पुसावे, बस्स. दडे बसल्यासारखे वाटले, तर औषधाच्या दुकानात मिळणारे थेंब किंवा साधे बदामाचे वा ऑलिव्हचे तेल चालते. कुशीवर आडवे होऊन दोन-तीन थेंब घालावेत आणि पाच मिनिटे तसेच पडून राहावे. दिवसातून तीन-चार वेळा, असे तीन ते पाच दिवस. सुरुवातीला मेण फुगून कान जास्तच बंद वाटेल, घाबरू नये. अमुक थेंब तमुक थेंबांपेक्षा सरस, असे सिद्ध झालेले नाही. तेव्हा महागाच्या मागे लागू नये. लसूण घालून कढवलेले तेल मात्र भाजीलाच बरे. पावसाळ्यात ओल्या कानात तेल घालत राहिले, तर बुरशीला आमंत्रण मिळते. मेणबत्तीसारखी नळी कानात लावून पेटवण्याच्या ‘उपचारा’ने मेण निघत नाही, उलट भाजते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१० साली तसा इशाराही दिला होता.

कान फुटलेला असेल, पडद्याला भोक असेल, कानाची शस्त्रक्रिया झालेली असेल किंवा कान दुखत असेल, तर थेंबही नको. थेट डॉक्टर गाठावा. आणि एक गोष्ट लक्षात ठेवाच. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले, तर दर वेळी ते मेणच असेल असे नाही. तो श्रवणाच्या नसेचा आजार असू शकतो, आणि त्याच्या उपचाराला सुरुवातीच्या दिवसांतच खरा अर्थ असतो. तेव्हा एक-दोन दिवसांतच कान तपासून घ्यावा.

डॉक्टर मेण काढतात ते सूक्ष्मदर्शकाखाली ओढून, बारीक हत्याराने किंवा पाण्याने. पाणी अंगाच्या तापमानाचे, ३७ अंशांचे, असावे लागते. थंड किंवा गरम असले तर भोवळ येते. रुग्णांचे कान धुताना येणाऱ्या या भोवळीचा माग काढत व्हिएन्नाचे रॉबर्ट बारानी शरीराच्या तोलाच्या रहस्यापर्यंत पोहोचले आणि १९१४ सालच्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरले. तेव्हा ते रशियात युद्धकैदी होते.

काडीचा डबा फेकायचा नसेल तर ठेवा. हार्मोनियमच्या पट्ट्यांमधली धूळ त्याने फार छान निघते. ती पेटी वाजली की ऐकू यावी, यासाठीच तर कान जपायचे.