डिंगल

डिंगल हे आयर्लंडच्या केरी काउंटीतील अटलांटिक किनाऱ्यावरचे छोटे बंदर आहे. ते 'गेल्टख्ट' या आयरिशभाषक म्हणून मान्यताप्राप्त प्रदेशात मोडते.

लोकजीवन
मासेमारी व पर्यटन हे येथील प्रमुख व्यवसाय होत. काही जुन्या पबांतच लोखंडी सामानाचे दुकानही असते. सायंकाळी पारंपरिक संगीत रंगते. २६ डिसेंबरच्या 'रेन डे'ला गवती काडाचे पोशाख घातलेले लोक वाद्ये वाजवीत मिरवतात.

नावाचा वाद
२००५ मध्ये शासनाने 'अन डँग्यन' हे केवळ आयरिश नाव अधिकृत केले. जगाला परिचित असलेले नाव पुसले गेल्यास पर्यटनास फटका बसेल, या भीतीने अनेक रहिवाशांनी विरोध केला. २००६ च्या मतदानात बहुमताने द्वैभाषिक नावाचा पुरस्कार झाला. २०११ च्या कायद्याने इंग्रजीत 'डिंगल' व आयरिशमध्ये 'डँग्यन ई खूश' ही नावे मान्य झाली.