शंभर की-बोर्ड, एकच छटा

संगणकाबरोबर येणारा आणि बिघडला की टाकून नवा आणायचा, एवढीच की-बोर्डची ओळख बहुतेकांना असते. हौशी मंडळींचे जग मात्र निराळे आहे. दक्षिण कोरियातील काही उत्साही लोकांनी २००० च्या दशकाच्या उत्तरार्धात स्वतःच्या पसंतीचे यांत्रिक की-बोर्ड घडवून घ्यायला सुरुवात केली आणि पुढे हा छंद अमेरिका, मलेशिया, चीन असा पसरत गेला. या की-बोर्डचे केसिंग प्लास्टिकच्या साच्यातून निघत नाही. अ‍ॅल्युमिनियमच्या ठोकळ्यातून ते सीएनसी यंत्रावर कोरून काढले जाते. एका लॉटमध्ये ५०, १००, फार तर काहीशे नग असतात. गिऱ्हाईक बहुधा पूर्ण रक्कम आगाऊ भरते आणि कित्येक महिने वाट पाहते. खोके उघडल्यावर कोपऱ्यातला केसभर ओरखडाही त्याच्या नजरेतून सुटत नाही, यात नवल ते काय?

आतला सर्किट बोर्ड, स्विच, कळा हे सारे बदलता येते. केसिंग मात्र कायमचे, आणि किमतीचा मोठा वाटाही त्याचाच. त्यातच २००८ साली अ‍ॅपलने एकाच ठोकळ्यातून कोरलेला मॅकबुक बाजारात आणला आणि निर्दोष अ‍ॅल्युमिनियम कसे दिसते, याची सवय सामान्य डोळ्यांनाही लागली. लाखो नग काढणाऱ्या कारखान्याची सफाई शंभर नग काढणाऱ्याकडूनही अपेक्षिली जाऊ लागली, हीच खरी अडचण होय.

मोठ्या उत्पादनात पहिले काही शेकडा नग बिघडले तरी चालते. त्यातून कारागीर शिकतात, यंत्रे जुळवली जातात आणि पुढचा माल सुधारतो. शंभराच्या लॉटमध्ये शिकणे पुरे होते तेव्हा लॉटही संपलेला असतो. शेवटी तपासणीला बसून चांगले-वाईट वेगळे करता येते. परंतु वाईट ठरलेल्या नगाच्या जागी दुसरा कोठून आणायचा? म्हणून छोट्या लॉटचे फिनिशिंग तपासणीच्या टेबलावर नव्हे, तर त्याआधी फार वेळ ठरून गेलेले असते.

पहिला प्रश्न धातूचा. या कामात ६०६१ आणि ६०६३ हे अ‍ॅल्युमिनियमचे दोन मिश्रधातू प्रामुख्याने वापरले जातात. ६०६१ अधिक कणखर. ६०६३ रंगकामाला अधिक अनुकूल, कारण त्यात इतर धातूंची भेसळ कमी. एकाच रंगाच्या कुंडात दोन्ही बुडवले तरी छटा तंतोतंत एक येईलच असे नाही. सुज्ञ निर्माते म्हणूनच केसिंगचा वरचा आणि खालचा भाग एकाच खेपेच्या धातूतून कापायला सांगतात व दोन्ही भाग शेवटपर्यंत जोडीने फिरतील असे पाहतात.

यंत्रावरून उतरलेल्या भागावर कटरच्या बारीक रेषा असतात. त्या घालवण्यासाठी हवेच्या दाबाने बारीक काचमण्यांचा मारा केला जातो. बोली भाषेत हे ब्लास्टिंग. मणी झिजलेले असले, नळी एकदा जवळ आणि एकदा लांब धरली गेली, की पृष्ठभागावर पट्टे उमटतात. हे काम पुष्कळदा हातानेच होते. सकाळचा पहिला नग आणि संध्याकाळचा शेवटचा नग यांत फरक पडतो तो येथेच.

यानंतरची पायरी अ‍ॅनोडायझिंगची. घराघरांतल्या सरकत्या खिडक्यांच्या चौकटींवर किंवा काळ्या हार्ड अ‍ॅनोडाइज्ड कढईवर दिसते, तीच ही प्रक्रिया. तो रंगाचा लेप आहे अशी समजूत सर्वत्र आढळते आणि निम्म्या तक्रारींचे मूळ त्या समजुतीत असावे. सल्फ्युरिक आम्लाच्या कुंडात अ‍ॅल्युमिनियमला धन विद्युताग्र केले की धातूचाच पृष्ठभाग ऑक्साइडमध्ये बदलतो. या थराला असंख्य सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांत रंग मुरवला जातो आणि नंतर उकळत्या पाण्याजवळच्या तापमानाला ती छिद्रे मिटवली जातात. थराची जाडी साधारण १० मायक्रॉन. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉनचा. इतका पातळ आणि पारदर्शक थर काहीही झाकत नाही. उलट, कच्च्या धातूवर सहज न दिसणारा ओरखडा रंग चढल्यावर उठून दिसतो.

शिवाय नग कुंडात टांगायचा म्हणजे त्याला कोठेतरी विजेचा स्पर्श हवा. जेथे रॅकचा चिमटा धरतो, तेथे थर तयार होत नाही आणि उघडा ठिपका राहतो. तो टाळता येत नाही, लपवता येतो. चिमटा केसिंगच्या आत, स्क्रूच्या भोकात किंवा वजनाच्या पितळी पट्टीखाली झाकल्या जाणाऱ्या जागी धरावा, हे नकाशावरच लिहून द्यावे लागते. ते न लिहिल्यास कामगार त्याला सोयीची जागा निवडतो, आणि ती बहुधा दर्शनी कड असते. स्क्रूच्या एका बाजूने बंद असलेल्या भोकांत आम्ल अडकून राहते, पुढे हळूहळू पाझरते आणि रंगावर पांढुरका डाग पाडते. नीट धुणे हे दुय्यम काम मानले जाते, हे दुर्दैव.

रंगांमध्येही सोपे-अवघड असते. काळा रंग छिद्रे भरून टाकतो, म्हणून तो सांभाळून घेतो. फिकट करडा, शॅम्पेन, फिकट जांभळा अशा छटांना मात्र रंगाच्या कुंडात काही सेकंद अधिक-उणे झाले तरी ते दिसते. थराची जाडी, कुंडाचे तापमान, रंगाची आम्लता यांपैकी काहीही बदलले तरी तेच. शुभ्र पांढरा तर या पद्धतीने मिळतच नाही. पांढऱ्या रंगद्रव्याचे कण त्या छिद्रांत मावत नाहीत. पांढरा की-बोर्ड दिसला तर त्यावर विजेच्या साहाय्याने बसवलेला रंगाचा लेप किंवा पावडर कोटिंग आहे असे समजावे. पावडरचा थर ६० ते १०० मायक्रॉनपर्यंत जातो. एकमेकांत बसणाऱ्या दोन्ही भागांवर तो चढला तर अचूक कापलेले भागही बसेनासे होतात. पांढऱ्या रंगासाठी नकाशातली फट वेगळी ठेवावी लागते ती यामुळेच.

बिघडलेला रंग काढून पुन्हा अ‍ॅनोडाइज करता येतो, पण फुकटात नाही. कॉस्टिक सोड्यासारख्या द्रावणात थर विरघळवताना त्याखालचा धातूही थोडा खाल्ला जातो. कडा बोथट होतात, आटे सैल होतात, छटा बदलते. एकदा हे निभावते. दुसऱ्यांदा नग भंगारात गेलेलाच बरा.

याहून कठीण प्रश्न जबाबदारीचा. आखणी करणारा एखाद-दुसरा माणूस एका देशात, कोरणारा कारखाना चीनमधील शेन्झेन किंवा डोंगग्वानला आणि अ‍ॅनोडायझिंग तिसऱ्याच ठिकाणी, ही नेहमीची व्यवस्था. ओरखडा दिसला की रंगवाला कोरणाऱ्याकडे बोट दाखवतो आणि कोरणारा रंगवाल्याकडे. रंगाला पाठवण्यापूर्वी प्रत्येक नगाची तपासणी आणि छायाचित्र हा यावरचा साधा उपाय आहे. त्याला वेळ लागतो, म्हणूनच तो टाळला जातो.

दोष कशाला म्हणायचे, हेही पैसे घेण्यापूर्वीच ठरलेले असावे. वरचा भाग आणि दर्शनी कडा एका कसोटीने, तळ दुसऱ्या आणि आतली बाजू तिसऱ्या कसोटीने पाहायची. हातभर अंतरावरून, दिवसाच्या प्रकाशासारख्या दिव्याखाली, ठरावीक सेकंद. भिंग लावून नाही. छटेसाठी फिकट आणि गडद अशी मर्यादा दाखवणारे दोन नमुने कारखान्याला द्यायचे. रंगमापकावर ‘डेल्टा ई’ या एककात फरक मोजता येतो. १ च्या आसपासचा फरक डोळ्याला जेमतेम जाणवतो. तरीही ब्लास्टिंगचा पोत वेगळा असेल तर यंत्र एक सांगते आणि डोळा दुसरे. तेथे नमुनाच कामी येतो.

‘शंभर टक्के निर्दोष’ अशी जाहिरात करणारा निर्माता स्वतःचीच कोंडी करून घेतो. मागणीपेक्षा काही केसिंग जादा कोरून घेणे आणि त्यांचा खर्च किमतीतच धरणे, हा मार्ग अनुभवी लोक पत्करतात. त्यांतली चांगली बदलीसाठी राखून ठेवली जातात. उरलेली ‘बी ग्रेड’ म्हणून, दोष नेमका कोठे आहे त्याच्या छायाचित्रासह, कमी किमतीला विकली जातात आणि तळाशी चिमट्याचा ठिपका असलेला की-बोर्ड घ्यायला तयार असलेले गिऱ्हाईक सहसा मिळतेही.