आजींचा हिशेब

शेजारच्या आजी रविवारी मला आलुबुखारचा केक आणून देतात आणि मत देतात एएफडीला, म्हणजे बाहेरून आलेल्यांच्या विरोधात उभ्या असलेल्या पक्षाला. मी मराठी, सावळी. "तुझं वेगळं गं," त्या म्हणतात, "तू कामाला जातेस, कर भरतेस."

आमचं गाव केम्निट्स, पूर्व जर्मनीत. पूर्वी नाव कार्ल-मार्क्स-श्टाट. मार्क्सचं सात मीटर उंच डोकं अजून रस्त्याकडे बघत असतं. आजी इथं कारखान्यात फिटर होत्या. १ जुलै १९९०ला पूर्वेत पश्चिम जर्मनीचं चलन, मार्क, आलं, पगार एकास एक दरानं बदलले आणि माल रातोरात महाग झाला. जुनी गिऱ्हाइकं तुटली. 'ट्रॉयहांड' या सरकारी संस्थेकडे साडेआठ हजारांच्या आसपास उद्योग होते, सुमारे ४० लाख कामगार. १९९४ संपेपर्यंत बहुतेक विकले गेले किंवा बंद पडले. चौतिशीत आजी घरी बसल्या, मग दुकानात गल्ल्यावर.

म्हणजे गरिबीचा राग? तसं नाही. त्यांना पेन्शन आहे, पोटापुरतं आहे. राग आहे 'बुर्गरगेल्ड'वर. हा सरकारी निर्वाहभत्ता २०२५मध्ये एकट्या माणसाला महिना ५६३ युरो होता, घरभाडं वेगळं. आयत्या बिळावर नागोबा, एवढंच त्यांना दिसतं. सरकारनं मदत करू नये असं मात्र त्या कधीच म्हणत नाहीत. राबलेल्यांना, आपल्यांना द्या म्हणतात. लालबागला माझे बाबाही, १९८२च्या संपानंतर गिरणी उघडली नाही तेव्हा, मालकापेक्षा बाहेरून आलेल्या टपरीवाल्यावर जास्त चिडायचे.

गंमत पक्षाची. २०१३मध्ये तो काढला बेर्न्ड लुके यांच्यासारख्या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांनी, युरो वाचवायला जर्मन पैसा नको म्हणून. लुके २०१५मध्ये बाहेर पडले. त्याच वर्षी लाखो निर्वासित आले आणि पक्षाचा सूर पालटला. जाहीरनाम्यात वारसा कर रद्द करणंही आहे. "माझ्या मुलाला वारशात हा केकचा साचा," आजी हसतात. फेब्रुवारी २०२५मध्ये पक्षाला २०.८ टक्के मतं पडली. मतदानाच्या दिवशीच्या पाहणीत कामगारांमध्ये ३८.

त्यानंतर माझी नोकरी गेली. तीन महिने बेकारभत्ता घेतला. तो मी भरलेल्या विम्यातलाच होता, फुकटचा नव्हता. तरी आजींना सांगितलं नाही. रोज सकाळी आठला लॅपटॉपची बॅग खांद्याला लावून जिना उतरत होते.