वाळू : नकाशावर न दिसणारी खाण

भूगोलाच्या तासाला महाराष्ट्राचा खनिज-नकाशा भिंतीवर टांगला की मुलांची बोटे पूर्वेकडे धावतात. चंद्रपूरला दगडी कोळसा, गडचिरोलीला लोहखनिज, नागपूर-भंडाऱ्याकडे मँगनीज, पश्चिमेला कोल्हापूर-रत्नागिरीकडे बॉक्साइट. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या जागी मात्र एकही चिन्ह नसते. "सर, आपल्याकडे खाणी नाहीतच का?" असे एखादा विद्यार्थी विचारतोच.

खाणी आहेत. मुळा, प्रवरा, गोदावरी, सीना, घोड, भीमा या नद्यांची पात्रे हीच त्या खाणी, आणि वाळू हे त्यांतले खनिज. कायदा तिला ‘गौण खनिज’ म्हणतो, पण खपाच्या दृष्टीने ती मुळीच गौण नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२२ सालच्या अहवालानुसार जगात दरवर्षी सुमारे ५० अब्ज टन वाळू आणि खडी वापरली जाते. पाण्याखालोखाल माणूस हाच पदार्थ सर्वांत जास्त वापरतो. तेव्हा आपल्या जिल्ह्यातील या खाणउद्योगाचे भवितव्य काय, हे तपासून पाहू या.

काळा पाषाण आणि वाळू

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचून दख्खनचे पठार तयार झाले. जिल्ह्याचा जवळजवळ सर्व भाग याच काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसाल्टचा आहे. वाळूच्या दृष्टीने हा खडक कंजूष आहे. ग्रॅनाइट झिजतो तेव्हा त्यातील गारेचे (क्वार्ट्‌झचे) कण तसेच शिल्लक राहतात, कारण गार पाण्याला आणि हवेला सहसा दाद देत नाही. त्या कणांचीच वाळू होते. बेसाल्टमध्ये गार जवळजवळ नसते. त्यातील फेल्स्पार आणि पायरोक्सीन ही खनिजे कुजतात आणि त्यांची चिकण माती होते. आपली सुपीक काळी माती ती हीच. कुजण्यापूर्वी खडकाचे जे तुकडे पुरात घासून बारीक होतात, तेवढीच आपल्या वाट्याची वाळू.

याचा पुरावा वर्गात दाखवता येतो. वाळलेल्या वाळूतून कागदात गुंडाळलेला लोहचुंबक फिरवा. त्याला काळे कण चिकटतील. ते मॅग्नेटाइटचे, बेसाल्टमधूनच आलेले. पांढरट, चकचकीत कण बहुधा लाव्हाच्या पोकळ्यांत नंतर साचलेल्या अकीक-गारगोटीचे असतात.

ही वाळू साचायला काळही फार लागला. नेवाशाजवळ प्रवरेच्या काठच्या घट्ट झालेल्या वाळू-गोट्यांच्या थरांत अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारे सापडली आहेत. डॉ. ह. धी. सांकलिया यांनी १९५० च्या दशकात तेथे उत्खनन केले. हे थर लाखो वर्षांपूर्वीचे आहेत. त्यात आता धरणांची भर पडली. प्रवरेवर भंडारदरा (१९२६), मुळेवर बारागाव नांदूरचे धरण. सह्याद्रीतून घरंगळत येणारी जाड वाळू धरणाच्या भिंतीमागे अडते, आणि खालच्या पात्रात नवी भर फारच थोडी पडते. साठा जुना, आवक तुटपुंजी आणि उपसा यंत्राने, असा हा हिशेब आहे.

वाळूची टाकी

वाळू म्हणजे केवळ बांधकामाचा माल नव्हे. तळाला बारीक छिद्र असलेला डबा घ्या, छिद्र बोटाने बंद करा आणि डब्यात जाड वाळू भरा. वर दिसू लागेपर्यंत मोजून पाणी ओता. साधारण एक तृतीयांश आकारमानाइतके पाणी आत मावते. आता बोट काढा आणि खाली निथळणारे पाणी मोजा. काही पाणी कणांना चिकटून राहते, बाकीचे बाहेर येते. हाच प्रयोग काळ्या मातीवर केला तर पाणी आत शिरते, पण सुटत नाही.

नदीपात्रातील जाड वाळूतून तिच्या आकारमानाच्या २० ते २५ टक्के पाणी निथळून मिळू शकते. खालच्या कुजलेल्या बेसाल्टमधून मिळणारे पाणी अवघे १ ते ३ टक्के असते. आता गणित करू. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, सुमारे २,८३० लिटर. तेव्हा एक ब्रास भिजलेली वाळू साडेपाचशे ते सातशे लिटर पाणी देऊ शकते. एक हेक्टर पात्रातील एक मीटर जाडीचा थर उचलला, तर २० ते २५ लाख लिटरची टाकी गेली. दहा हजार लिटरचे दोनशे-अडीचशे टँकर झाले! आणि ही टाकी जवळजवळ दर पावसाळ्यात आपोआप भरत होती. पात्र खोल गेले की काठच्या विहिरींचे पाणी उतारावरून नदीकडे निथळते आणि उन्हाळ्यात विहीर लवकर तळ गाठते. ज्या जिल्ह्यात उन्हाळा आला की टँकरची यादी निघते, तेथे ही गोष्ट किरकोळ नाही.

शिवाय खड्डा जागच्या जागी राहत नाही. पूर आला की त्याची वरच्या अंगाची कड ढासळते आणि खोली नदीच्या वरच्या दिशेने सरकत जाते. त्यामुळे काठ कोसळतात, पुलांच्या खांबांचे पाये उघडे पडतात.

यापुढे काय?

सर्वोच्च न्यायालयाने २७ फेब्रुवारी २०१२ रोजी पाच हेक्टरपेक्षा लहान क्षेत्रातील उत्खननालाही पर्यावरणीय मंजुरी आवश्यक ठरवली. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये ६०० रुपये ब्रास दराने वाळू देणारे सरकारी डेपो सुरू केले. पहिला डेपो आपल्याच जिल्ह्यात, श्रीरामपूर तालुक्यातील नायगाव येथे निघाला. २०२५ मध्ये धोरण बदलून पुन्हा लिलाव आले आणि त्याच वर्षी कृत्रिम वाळूला उत्तेजन देणारे धोरणही आले. विक्रीची पद्धत कोणतीही असो, नदीची आवक त्याने वाढत नाही.

बेसाल्ट मात्र आपल्याकडे उदंड आहे. तो क्रशरमध्ये फोडून, चाळून केलेली वाळू चांगले काँक्रीट देते आणि भारतीय मानक ३८३ ला ती मान्य आहे. अट एकच, भुकटीचे प्रमाण मर्यादेत हवे आणि कण चपटे नकोत. अर्थात तिचीही किंमत आहे. सुरुंगाचे हादरे, पिकांवर बसणारी धूळ, पोखरलेल्या टेकड्या. म्हणून पाडलेल्या इमारतींचा राडारोडा पुन्हा दळून वापरणे हाही मार्ग धरावा लागेल. या खाणउद्योगाला भवितव्य आहे, पण ते नदीत नाही, खडकात आणि राड्यारोड्यात आहे. नदीतून घ्यायचेच तर पुराने जितके आणले त्याहून कमी घ्यावे.

किती आणले, हे कळायला मोजमाप हवे, आणि त्यात शाळा मदत करू शकतात. गावच्या दोन-तीन विहिरींची पाणीपातळी दर मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजून वहीत लिहावी. पुलावरून दोरीला वजन बांधून पात्राची खोली पावसाळ्यापूर्वी आणि नंतर शिक्षकांनी स्वतः मोजावी. मुलांना पात्रात उतरवू नये. उपशाचे डोह वरून उथळ दिसतात आणि जीव घेतात. पाच वर्षांची अशी वही ग्रामसभेपुढे ठेवली, तर नदीच्या हिशेबावर निदान पुराव्यानिशी बोलता येईल.